आधी थोडं खाली जातं

आमची वहिनी कारखान्यात नेमकं काय करते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "कमी व्होल्टेज घेऊन जास्त देणारे डबे असतात. अचानक भार आला की ते डगमगतात का, ते बघते." बघायचं काय त्यात? डबा तर टेबलावर मुकाट पडलेला असतो!

आईचं श्वासाचं यंत्र भिंतीतल्या प्लगला बांधलेलं, आणि आई यंत्राला. पलीकडच्या गावात मावशी अंथरुणाला खिळलेली. बहिणी-बहिणींची एकदा भेट व्हावी, एवढंच आईचं म्हणणं. पण गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, यंत्राला हवेत चोवीस. तयार डबा यायला आठवडा लागणार होता, आणि मावशीकडे आठवडा आहे की नाही, कोण जाणे.

"मी करते," वहिनी म्हणाली. केला. दिवा जोडून पाहिला, झकास! मी आईची पिशवीसुद्धा भरली. पण यंत्र जोडलं मात्र, डबा शिट्टी मारायला लागला आणि यंत्र बंद-चालू, बंद-चालू. आई घाबरीघुबरी झाली. मी भडकले, "अगं, गणितांचे एवढे कागद रंगवलेस ते कशाला?"

वहिनी डोक्याला हात लावून बसली. "चुकलंच माझं. व्होल्टेज कमी झालं की दिवा मंद होऊन गप्प बसतो. हे यंत्र उलट जास्त करंट ओढतं."

"मग डब्याला जोर लावू दे की!"

"तिथंच तर घोळ आहे. जास्त मागितलं की तो आधी थोडा खाली जातो, मग वर येतो. खाली गेला म्हणून घाईनं आणखी मागितलं, की बसला हेलकावे खात."

जास्त मागितलं की कमी देतो? हा डबा आहे की माझा भाऊ? मला काही म्हणजे काही कळलं नाही.

तिनं डब्यात वीज साठवणारा एक जाडजूड कपॅसिटर बसवला आणि डब्याची घाई कमी केली म्हणे. घाई कशी कमी करतात, देव जाणे. दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी चालवायला बसला. वाटेत आईला खोकल्याची उबळ आली, यंत्र घुरघुरलं आणि डब्याला लावलेल्या मीटरचा काटा पडला. मी वायर उपटायला झेपावले. वहिनीनं माझं मनगट धरलं.

"थांब."

"अगं, पडतोय ना!"

"पडू दे."

काटा पडला, थांबला, हळूहळू वर आला.

"कागदावर बरोबर आलं होतं ना?" मी विचारलं.

"कागदावर पहिलाही बरोबरच होता," ती म्हणाली. माझं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं. मला तर रडूच आलं.

पोचलो. आईला धरून आत नेलं, मागोमाग डबा, बॅटरी, सगळं लटांबर. मावशीनं एकदा बघितलं. "आत्ता आलीस?" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

आईचा चेहरा उतरला. "चला घरी."

मी चिडून डबा उचलायला वाकले. एवढा जिवाचा आटापिटा करून हे ऐकायला आलो? वहिनीनं पुन्हा माझं मनगट धरलं.

थोड्या वेळानं मावशी, तोंड भिंतीकडेच ठेवून, पलंगावर जराशी सरकली. आईपुरती जागा झाली.