डिंडोलीच्या पत्र्यावरचं पाणी

डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या बोरच्या जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही. आठ शिट्ट्या झाल्या तरी डाळ खाली, पाणी वर. खायचा सोडा घातला की शिजते, पण सासऱ्यांचं पोट बिघडतं. तोंडात चार दात उरलेल्या माणसाला वरण-भाताशिवाय चालतं काय? ते अर्धपोटी उठू लागले. एक दिवस त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मी गावले चालना जास. मोठाकडे."

मोठा म्हणजे माझे दीर. नवऱ्यानं गुपचूप मान डोलावली. मला मात्र झोंबलं. माझे वडील लवकर गेले. लग्न होऊन सुरतेत आल्यापासून वडिलांच्या जागी हाच माणूस. डाळीपायी त्यांना घालवायचं? मुळीच नाही.

पावसाळा सुरूच होता. गच्चीवरच्या पत्र्याला अर्धा चिरलेला पाइप बांधून पन्हळ केली, खाली निळं पिंप ठेवलं. सासरे कापड रंगवणाऱ्या मिलच्या धुरांड्याकडे बोट दाखवत म्हणाले, "त्याम्हा मिलना धूर उतरस ना!" मी म्हटलं, सुरुवातीची सर गटारात सोडीन, मग भरीन, उकळून घेईन. आणखी काही?

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. लूमवरून आणलेलं कोरं सुती कापड दुहेरी करून त्यांनी स्वतः पिंपाच्या तोंडावर बांधलं. पिंप भरलं आणि मी खुशीत झाकण लावलं.

चौथ्या दिवशी उघडलं तर पाणी बुळबुळीत, आंबूस वासाचं. कापडाला हात लावला आणि डोक्यात प्रकाश पडला. खळ! सूत तुटू नये म्हणून विणण्याआधी त्याला खळ लावतात, तीच उतरली होती. सासऱ्यांनी तीस वर्षं लूम चालवला, नवरा अजून चालवतो, मी बमरोलीच्या कारखान्यात त्याच कापडाच्या घड्या घातल्या. पण आमच्या हातून ते कोरंच पुढे जातं. धुणं-रंगवणं मिलवाल्यांचं काम. आमच्या घरात कोरं कापड कधी कुणी धुतलंच नव्हतं.

"मन्हीच चूक," म्हणत सासरे कपड्यांची पिशवी भरायला बसले.

मी पिंप उपडं केलं, घासून काढलं. कापड सोडा घालून तीनदा उकळलं आणि नितळ पाणी निघेपर्यंत पिळलं. हात लालबुंद झाले. "आबा, एक पाऊस थांबा," मी म्हटलं, "डाळ नाही शिजली तर मीच गाडीत बसवून देईन." बोलण्यात राग होता, तो मी लपवला नाही.

मग पावसानं पाच दिवस तोंड दाखवलं नाही. सासरे रोज सकाळी गच्चीवर जाऊन आभाळ बघून खाली यायचे. सहाव्या दिवशी दुपारी तो आला आणि पिंप काठोकाठ भरलं.

त्या संध्याकाळी चार शिट्ट्यांत डाळ अशी गळली की घोटावीही लागली नाही. सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं. मी भांडी आवरत होते तेवढ्यात दिरांचा फोन आला, कधी निघताय विचारायला.

"नही येस," सासरे वर गच्चीकडे बघत म्हणाले. "आठे मन्हं पानी शे. ते सोडीसन कसा येऊ?"