पिवळ्या बल्बचा सूर

बल्ब पिवळा पडला की आमगावजवळच्या आमच्या घरातली उन्हाळी धानाच्या दिवसांतली एक दुपार आठवते. अंधाऱ्या खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. नेहमी कर्कश ओरडणारा माझा जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर व्होल्टेज उतरताच मोहाच्या फुलांसारखा गोड, जडसर वाजू लागला. गिटारचा हाच आवाज मी कधीपासून शोधत होतो. तेवढ्यात बाबूजी शेतातून आले. "मोटर पाणी उचलून नाही राहिली, धान वाळून राहिला, अन् तू कायले हासून राहिला?" मी तारांवर तळहात ठेवला. पुढे गिटारचा आवाज बदलणारी कितीतरी पेडल घेऊन पाहिली, तो आवाज काही सापडला नाही. काल दुपारी फुलचूरच्या माझ्या आताच्या घरी बल्ब पिवळा झाला, आणि गिटार उचलण्याआधी मी गावी बाबूजींना फोन लावला. "मोटर सोलरवर चालते आता," ते म्हणाले, "तू वाजव."