लेंटमधलं पप्पांचं भांडण

आई गेली, त्यानंतरच्या पहिल्याच लेंटमध्ये पप्पांनी जाहीर करून टाकलं, "मी उपास धरणार नाही आणि चर्चलाही येणार नाही." मी म्हटलं, "बरं." आईच्या आजारपणात चर्चची अख्खी मंडळी प्रार्थनेला गुडघ्यावर होती, आणि सगळ्यांत जास्त वेळ पप्पाच. त्या माणसाला आता प्रार्थना करा म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

येशू रानात चाळीस दिवस उपाशी राहिला, त्याच्या आठवणीत ईस्टरच्या आधी आमचे हे दिवस असतात. संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही, मटण-मासे बंद, आणि रोज कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना. जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंना मात्र उपास म्हटलं की साबुदाणाच सुचतो. कितीही समजावा, ती बाई मायेनं पातेलंभर खिचडी घेऊन येणारच. आम्ही ती दिवस मावळेपर्यंत झाकून ठेवायचो. त्या वर्षी पप्पांनी भर दुपारी ताटलीत वाढून घेतली आणि माझ्याकडे बघत बघत खाल्ली. असा संताप आला मला! पण शेवटच्या घासाला त्यांना ठसका लागला. मग मीच उठून पाणी आणून दिलं.

आमच्या घरी प्रार्थना ठरली त्या दिवशी श्रीपूरहून आत्या आली, पप्पांची थोरली बहीण. पप्पा चारचौघांत काही बोलतील ही धास्ती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. हा माणूस देवाशी कायमचा अबोला धरून बसला, तर आईमागं त्याला आधार कुणाचा?

गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं. मग रीतीप्रमाणे पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची काही विनंती आहे का. कुणी पोराच्या परीक्षेसाठी सांगितलं, कुणी गुडघेदुखीसाठी. दाराशी बसलेले पप्पा म्हणाले, "माझी विनंती नाही. माझं भांडण आहे. मागून मागून जीभ झिजली, काय दिलं त्यानं?"

अगं बाई! मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाळकसाहेब समजुतीचं काही बोलणार, तोच आत्या कडाडली, "आमाला काय सांगतोस? आमी नेलं व्हय तिला? त्याला सांग की! क्रुसावर येशूनं बापाला जाब इचारलाच न्हवं, मला का सोडलंस म्हणून? त्यो लाजला न्हाय, तू कशाला लाजतोस?"

पप्पा उभे राहिले. डोळेसुद्धा मिटले नाहीत.

"का नेलंस तिला? मी काय करू आता एकटा? सांग!"

एवढंच बोलले. एरवी प्रार्थना संपली की आम्ही सगळे मोठ्यानं आमेन म्हणतो. त्या दिवशी कुणाचीच जीभ उचलेना. पप्पांनी जरा वाट पाहिली, सगळ्यांकडे बघितलं आणि आमच्यावरच खेकसले, "अरे, म्हणा की आमेन!"