राजधानीचा कोट

माझे भावोजी शिंपी. चौकातले सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि सगळेच त्यांच्या नावाने शंख करतात, कारण मास्तरांनी दिलेल्या तारखेला कपडा हातात पडला असं आमच्या भागात आजवर घडलेलं नाही. "मंगळवारी या" म्हणाले की गिऱ्हाईक मंगळवारी येतं, बाही नसलेल्या कोटाकडे बघतं, चार शब्द बोलतं आणि शुक्रवारची तारीख घेऊन जातं. वर पुढच्या वेळी कापड घेऊन पुन्हा त्यांच्याच दुकानात येतं. कारण एकच, मास्तरांचा हात. त्यांनी शिवलेला कोट अंगावर चढला की पोक काढून चालणारा माणूसही सरळ दिसतो. मी स्वतः पोक काढून चालतो, म्हणून सांगतो.

गिऱ्हाइकांना तारखा देत होते तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या ताईलाही त्यांनी तारखाच दिल्या. एक ना दोन, चोवीस वर्षं.

ताईला राजधानी बघायची होती. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती काज-बटणं करायची, आणि बटणं ठेवायला तिच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्याच्या झाकणावर राजधानीचं चित्र. नदी, दगडी पूल, काठाने पिवळी पडायला लागलेली झाडं आणि एका झाडाखाली रिकामा बाक. दिवसातून पन्नास वेळा ते झाकण उघडायचं आणि लागायचं. अंगठा घासून घासून पुलाची एक कमान पार पुसली गेली होती. बाक तेवढा शाबूत होता.

"धाकट्या, हा बाक अजून तिथे असेल का रे?" ती मला विचारायची.

"असेल की. बाक काय चालत जाणार आहे?"

"एकदा त्यावर बसायचंय मला. फार वेळ नाही. जरा बसायचं आणि उठायचं."

एवढीच मागणी. दागिना नाही, घर नाही, आणि मूलबाळ झालं नाही त्याबद्दल तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त हा बाक. त्यासाठीचे दिवसही तिने स्वतःच शोधून काढले होते. सप्टेंबर संपताना शाळांचे गणवेश शिवून झालेले असतात आणि थंडीच्या कोटांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. शिंप्याच्या वर्षात तेवढे दहा-बारा दिवस मोकळे. झाडंही तेव्हाच झाकणावरच्यासारखी पिवळी व्हायला लागतात. सगळं जुळून येत होतं. पण एका वर्षी मशीन बिघडलं, एका वर्षी बँडवाल्यांचे पंचवीस कोट अचानक आले, एका वर्षी मास्तरांची पाठ धरली. "पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणायचे. ताई मान हलवायची आणि दुसऱ्या बटणाला दोरा घालायची.

मी रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर बसतो. रोज शे-दीडशे माणसं माझ्यासमोर उभी राहून राजधानीची तिकिटं काढतात. त्यातली अर्धी नुसती भटकायला निघालेली असतात. माझ्या सख्ख्या बहिणीचं तिकीट तेवढं मला कधी काढता आलं नाही. गेल्या जूनमध्ये डोकं फिरलं आणि मी तडक दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच बोललो.

"भावोजी, गिऱ्हाइकांच्या तोंडाला पानं पुसता ते ठीक आहे. घरच्या माणसाला तरी सोडा."

मास्तर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, मापाची वही मागच्या पानावर उघडली आणि म्हणाले, "काढ तिकिटं. तारीख तू सांग."

मागच्या खोलीतला मशीनचा आवाज थांबला. ताई दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे मला धड बघवेना, इतका तो लहान मुलीसारखा झाला होता.

मी सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारची, सकाळी नऊ चाळीसच्या गाडीची दोन तिकिटं काढली. ताईची जागा खिडकीची, आणि तीही गाडी वळण घेताना नदी दिसते त्या बाजूची. मापाच्या वहीत मास्तरांनी बेत मापासारखाच लिहिला, ओळीखाली ओळ. पहिला दिवस, खोली, स्टेशनाजवळ. दुसरा दिवस, पूल, नदीकाठ, बाक. तिसरा दिवस, मोठा चौक, संग्रहालय, जमल्यास कापडबाजार. "जमल्यास" या शब्दावर ताई इतकी हसली की तिला खोकला आला. बाजार चुकवून हे परत येतील यावर आम्हा दोघांचाही विश्वास नव्हता.

मग मास्तर म्हणाले, "तिकडे सकाळी गारवा असतो. हिला कोट लागेल."

निळसर राखाडी लोकरीचं एक कापड त्यांनी कपाटात तळाशी कधीचं ठेवलं होतं. कोणासाठी ते कोणाला सांगितलं नव्हतं. ते बाहेर निघालं. कापताना मापं बघायला त्यांनी वही उघडली नाही, टेपही घेतली नाही. त्यांच्या वडिलांपासूनची दुकानाची ती रीतच होती. घरच्या माणसाचं माप लिहायचं नाही, ते शिंप्याला तोंडपाठ असलं पाहिजे. ताईचं माप त्यांनी लग्नाच्या वेळी एकदा घेतलं होतं. त्यानंतर तिच्याकडे नुसतं बघून ते इंच-अर्धा इंच मनातल्या मनात वाढवत आले, आणि कधी चुकले नाहीत.

ऑगस्टमध्ये कच्च्या टाक्यांवर पहिली ट्रायल झाली. कोट ताईच्या खांद्यावरून खाली उतरला आणि दोन्ही बाजूंनी लोंबायला लागला.

"मास्तर, हा कोट ताईचा की तिच्या मैत्रिणीचा?" मी म्हणालो. ताई हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही बाजूंना खडूच्या खुणा केल्या. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "हात गेला रे माझा. नजर गेली." चाळिशीत चष्मा लागला तेव्हाही हा माणूस इतका खचला नव्हता.

त्याच दिवशी निघताना मी ताईला म्हणालो, "बारीक झालीस गं. छान दिसतेस." ती म्हणाली, "राजधानीला जायचंय ना, शोभायला नको?" हे मी लिहून ठेवतो आहे, कारण ते मी बोललो. कोणी विचारलं नसताना बोललो.

मास्तरांनी कोट उसवून आत घेतला. आत घेतलेलं जादा कापड ते कधी कापत नसत. सगळेच शिंपी थोडंफार सोडतात, पण मास्तर जरा जास्तच सोडायचे. "माणूस कधी भरेल सांगता येत नाही," ते म्हणायचे. "कापड आत असलं की उसवून पुन्हा मोठं करता येतं. कापलं की संपलं."

दहा-बारा दिवसांनी दुसरी ट्रायल झाली. कोट पुन्हा सैल.

या वेळी मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. माझ्या देखत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी ताईचं माप घेतलं. छातीवर टेप लावली, आकडा बघितला, पुन्हा लावली. मग टेपच ताणली गेली असेल म्हणून टेबलावरच्या लोखंडी पट्टीवर ती इंचाइंचाने जुळवून पाहिली. टेप बरोबर होती.

ते ताईच्या जवळ गेले आणि तिच्या अंगातल्या कपड्याची बाजूची शिवण त्यांनी उलटून बघितली. आत एकीच्या आत एक अशा तीन शिवणी होत्या. तिन्ही हातशिलाईच्या. ते बारीक, सारखे टाके ताईचे, चौकात दुसऱ्या कोणाला जमत नाहीत.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

ताईने खाली बघितलं. "गणवेश सुरू झाले तेव्हापासून."

म्हणजे मे महिन्यापासून. ती वाळत चालली होती आणि दर दोन-तीन आठवड्यांनी आपले कपडे आपणच आत घेत होती. अंगावर कपडा नीट बसलेला दिसला की शिंप्याची नजर तिथेच थांबते, पुढे जात नाही. हे तिला माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या घरात हे इतके दिवस खपलं नसतं. कपडे लोंबले असते, कोणी तरी टोकलं असतं.

"अगं, बोलली का नाहीस?" मास्तरांचा आवाज फुटला.

"दुखतंय म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा पुढच्या वर्षावर टाकलं असतं," ताई म्हणाली. "म्हटलं, जाऊन येते आणि मग सांगते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मोठ्या दवाखान्यात तीन दिवस तपासण्या झाल्या. पोटातलं होतं आणि फार पसरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "इतक्या उशिरा का आणलंत?" आम्ही दोघं शाळेत मार खाल्लेल्या पोरांसारखे फरशीकडे बघत राहिलो. मी विचारलं, "या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात प्रवास आहे, आठ तासांचा. जमेल?" डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "आत्ता नको. जरा ताकद येऊ दे. पुढच्या महिन्यात बघू."

बाहेर आल्यावर मी मास्तरांना धीर द्यायला गेलो. "ऐकलंत ना? पुढच्या महिन्यात म्हणालेत."

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. "धाकट्या," ते म्हणाले, "हे वाक्य मी जन्मभर बोलत आलोय. ते कधी बोलतात हे मला कळतं."

त्यानंतर त्यांनी नवीन काम घेतलं नाही. जुन्या गिऱ्हाइकांना तारखा देणंही बंद केलं, जमेल तेव्हा नेऊन द्यायचे. कोट मात्र सोडला नाही. दर रविवारी ताईला उभं करायचे, माप घ्यायचे आणि कोट थोडा आत घ्यायचे. नंतर तिला उभं राहवेना, तेव्हा बसवून घ्यायचे. आतलं कापड ते तसंच ठेवत होते. दोन्ही बाजूंना त्याच्या घड्या साचत गेल्या. बाहेरून कोट देखणा दिसायचा, आतून गोधडीसारखा जाड झाला होता. मी एकदा म्हणालो, "भावोजी, एवढं कशाला ठेवताय?" ते म्हणाले, "असू दे. भरली पुन्हा, तर लागेल." त्यांचा विश्वास होता की नाही मला माहीत नाही. माझा नव्हता.

तिकिटं मी रद्द केली नाहीत. त्याला कारण काहीच नव्हतं. हात धजला नाही, इतकंच. दुसऱ्यांची तिकिटं मी दिवसाला वीस रद्द करतो.

तो गुरुवार आला. त्यांना गाडीत बसवायला मी रजा टाकलीच होती, म्हणून सकाळी दुकानात गेलो. मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून मास्तरांनी ताईला बसवलं होतं. उशा लावल्या होत्या. तिने हट्टाने कोट घालून घेतला होता. मांडीवर बटणांचा डबा. खिडकीतून समोरच्या छपाईवाल्याची भिंत दिसते आणि तिच्या वर थोडं आकाश. बाहेर हवा छान होती. अगदी जायला हवं होतं अशी.

"किती वाजले रे?" ताईने विचारलं.

घड्याळात नऊ बेचाळीस झाले होते. "साडेनऊ होतायत," मी म्हणालो. "गाडी आज लेट आहे."

ताई बारीकशी हसली. "तूही मास्तरांच्या वळणावर गेलास."

ती झाकणावर अंगठा फिरवत होती. मला रडू येत होतं आणि या दोघांचा रागही येत होता. त्यांनी चोवीस वर्षं नुसती ढकलली म्हणून, आणि तिने एकदाही भांडण केलं नाही म्हणून. भांडली असती तर मी तिच्या बाजूने भांडलो असतो. मी तरी जूनपर्यंत काय करत होतो म्हणा. खिडकीच्या आत बसलो होतो.

"अहो," ताई म्हणाली. तिचा चेहरा आक्रसला होता. "आत टोचतंय."

मास्तर गुडघ्यावर बसले. "कुठे?"

"दोन्हीकडे. घड्या लागतायत. आता हाडंच राहिलीत ना."

त्यांनी कोट काढायला लावला नाही. काढून पुन्हा घालणं तिला झेपलं नसतं. अस्तराचे दोन-चार टाके त्यांनी तिच्या अंगावरच उसवले, आतल्या कापडाची घडी बाहेर ओढली आणि हाताने चाचपून बघितली. तशीच धरून बराच वेळ बसले. मग टेबलाकडे हात लांब केला. मी त्यांच्या हातात मोठी कात्री दिली.

ती कात्री लोकरीतून जाताना होतो तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आधी एक बाजू कापली, मग दुसरी. निळसर राखाडी पट्ट्या खुर्चीखाली पडल्या. चांगल्या चार-चार बोटं रुंद होत्या. मास्तरांनी अस्तराला पुन्हा चार टाके घातले आणि दोरा दाताने तोडला.

ताईने दोन्ही बाजूंवरून हात फिरवला. "आता बसला," ती म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, "आता मोठा करता येणार नाही ना हा?"

मला वाटलं, आता हे काही तरी म्हणतील. दुसरं कापड आणू, पुढच्या वर्षी नवा शिवू, काही तरी. जन्मभराची सवय होती.

"नाही," मास्तर म्हणाले.

ताईने त्यांच्या केसांवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मी खाली बसून पट्ट्या गोळा करायला लागलो.