फिनलंडची पोट्टी दार लावते

आमच्या केनवडच्या घरात दिवसाउजेडी दार लागायचं ते एकाच कारणानं: कोणीतरी रुसलं. माझ्या काकानं एका पोळ्याला बैलांच्या झुलीवरून दार लावलं, ते थेट दसऱ्याला उघडलं. मधल्या काळात त्याचं वजन वाढलं, कारण समजूत काढायला जो येई तो ताट घेऊनच येई. शेवटी तो बाहेर आला तो राग गेला म्हणून नाही, शर्ट बसेनात म्हणून.

अशा घरात फिनलंडची पोट्टी राहायला आली.

खरं तर ती जायची होती वाशीमला, माझ्या मामांकडे. मामा एका मंडळात होते. तिकडची पोरं वर्षभर इकडे शिकायला, इकडची तिकडे, असा त्या मंडळाचा उद्योग. पण मामांनी ऐनवेळी घर पाडून बांधायला काढलं आणि पाहुणी आमच्या वाट्याला आली. मी तेव्हा अकरावीत, तीही माझ्याच वयाची. वाशीमच्या स्टेशनावर ती उतरली तेव्हा पाय फलाटावर टेकले तरी डोकं डब्यातच होतं, इतकी उंच. केस वाळल्या सोयाबीनच्या रंगाचे. आमच्या चौकटींनी पहिल्याच आठवड्यात तिच्या कपाळाशी ओळख करून घेतली. तिला बघायला रिसोडहून जादा गाड्या सोडाव्या लागल्या. डेपोवाले हे नाकबूल करतील, करू द्या.

मला ती लगेच आवडली. माझ्या गप्पा शेवटपर्यंत ऐकणारं ते जगातलं एकमेव माणूस. मी 'एकदा काय झालं' म्हटलं की आमच्याकडे लोक चपला शोधतात. ती मात्र अर्धंमुर्धं कळलं तरी मान वाकडी करून ऐकायची आणि मी दम घ्यायला थांबले की शांतपणे म्हणायची, "मंग?" हा एवढा एक शब्द तिला आल्या आल्या शिकवला होता. मला तेवढाच पुरे होता.

आणि मग एके दिवशी शाळेतून आल्यावर तिनं खोलीत जाऊन दार लावलं.

मायच्या हातातली परात थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय बोलली तू तिले?"

मी काहीच बोलले नव्हते. पण घराची यंत्रणा हलली होती. आधी चहा गेला. तिनं दार उघडलं, चहा घेतला, हसली आणि पुन्हा दार लावलं. "राग हाय अजून," माय म्हणाली आणि शेवया गेल्या. मग चिवडा. मग शेजारची मोठी आई दाराशी बसून आपल्या सुनेची कहाणी सांगू लागली, कारण दुसऱ्याचं दुःख ऐकलं की आपला राग उतरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार, पुन्हा मिरवणूक. आठवडाभरात दाराबाहेर एवढी माणसं जमू लागली की एक फुटाणेवाला गाडी घेऊन आला. पोट्टी दिवसेंदिवस सुकत चालली आणि माय तिला आणखी वाढत चालली.

तेवढ्यात मंडळाच्या बाईंचा अकोल्याहून फोन आला. पोरीची तक्रार काही नाही, घरची माणसं फार चांगली, पण तिला या घरात निवांतपणा मिळत नाही. नागपूरला एक घर आहे, माणसं कमी, वरचा मजला सगळा मोकळा. रविवारी येते, तिला विचारते, हो म्हणाली तर घेऊन जाते.

माय खालीच बसली. आमच्या घरातून आजवर कोणी रुसून गेलेलं नव्हतं.

मग मीच तिला सरळ विचारलं. तिनं तुटक इंग्रजीत सांगितलं ते असं: राग नाही. तिचं घर तळ्याकाठी, शेजारी बघायला दुर्बीण लागते. शाळेतून आलं की ती थोडा वेळ एकटी बसते. कोणी बोलत नाही, ती बोलत नाही. मग डोकं जागेवर येतं.

हे मी मायला सांगितलं.

"म्हंजे रुसली नाही?"

"नाही."

"मंग दार लावून करते काय?"

"काही नाही. बसते."

मायला ते पटेना. नुसतं बसायचं तर माणसांत बसावं. तेव्हा कोपऱ्यातून बाबा बोलले. आमच्या घरात बाबांचा बोलायचा नंबर वर्षातून दोनदा लागतो, त्यामुळे सगळे चमकले. "बसा लागते माणसाले," ते म्हणाले. "मी काय नुसती राखण करतो का थ्या मचाणावर?"

रोज संध्याकाळी बाबा शेतातल्या मचाणावर जात, तुरीत रोही घुसू नयेत म्हणून. रोही म्हणजे नीलगाय; एक कळप आला की उभं पीक सपाट. ते नुसते बसायला जातात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुणीला शेतात नेलं, शिडी दाखवली आणि स्वतः घरी परत आले.

नियम एकच ठरला: ती वर असताना कोणी जायचं नाही. माय डबा घेऊन धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या कडेपर्यंत जायची आणि तिथून स्वतःलाच ओढत परत आणायची. रोह्यांचं म्हणाल तर त्यांनी मचाणावर ते पिवळं डोकं पाहिलं, आपसात विचार केला आणि तालुका बदलला. शेजारचे शेतकरी विचारू लागले, "उद्या आमच्या हरभऱ्यात पाठवता का पोट्टीले?"

रविवारी बाई गाडीतून आल्या. पोरगी घरात नाही म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आम्ही त्यांना घेऊन शेतात गेलो. मचाण दिसताच त्या तरातरा पुढे निघाल्या. मायनं त्यांचा दंड धरला. एका दाराला आठवडाभर उसंत न देणारी माझी माय.

"थांबा बाई," ती म्हणाली. "तिची बसाची वेळ हाय."

आणि आम्ही तिघी धुऱ्यावर बसलो. मायनं तोंडातून शब्द काढला नाही. श्रम एवढे झाले की तिला घाम फुटला. सूर्य तुरीत बुडाला तशी पाहुणी शिडीवरून उतरली. बाईंनी तिला नागपूरचं सगळं नीट समजावलं: वेगळा मजला, शांत घर, सामान आत्ताच भरलं तरी चालेल.

तिनं ऐकून घेतलं. मग मागे वळून शेताकडे पाहिलं.

"तुरीले फुलं आली," ती एकेक शब्द जुळवत आमच्याच बोलीत म्हणाली. "मी गेली तं राखण कोन करीन?"

बाई एकट्याच परत गेल्या. मायनं त्यांच्या गाडीत एवढं भरून दिलं की गाडी रस्त्याला टेकली.

आम्ही घरी आलो तर पाहुणीच्या खोलीचं दार आतून लागलेलं. पाहुणी तर आमच्या सोबत उभी. घरात बाबांचा पत्ता नाही. माय तशीच पुढे झाली, हात उचलला आणि दाराला टेकवता टेकवता खाली घेतला.

"बसू द्या," ती हळूच म्हणाली.

मग तिनं चहा टाकला, आणि कपबशा अशा आदळल्या की चार घरांपलीकडे ऐकू जावं.