गरम इंजिन
पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलचा धूर नाकात गेला की मला पंचाहत्तर सालची वरवंडची ती सकाळ आठवते. निमोण्याच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि तिथल्या खडकाळ वाटेसाठी जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल शोधत होतो. माझी उंची बेताची, म्हणून पाय टेकतील अशीच हवी होती. दौंडला गॅरेज असलेले मामा सोबत आले होते. मालकाच्या अंगणात गाडीवर बसलो आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. मी खूश झालो, पण मामांनी इंजिनाला हात लावून चटकन मागं घेतला. "गरम हाय. गार असली की चालू व्हत नसंल, म्हणून आधीच तापवून ठिवलीया," ते माझ्या कानाशी म्हणाले. मालकाला ते ऐकू गेलं. "तसं न्हाई पाव्हणं," तो म्हणाला, "आज गाडी जायची म्हणून मळ्यापातुर एक चक्कर मारून आलो. बसा, गार होऊ द्या, मग किक मारून बघा." "समदी हेच सांगत्यात," म्हणत मामांनी मला गाडीवरून उतरवलं. पुढे दौंडात घेतलेली गाडी मला उंचच पडली, तरी मी तीच आयुष्यभर चालवली. परवा ती विकायला काढली. बघायला आलेल्या माणसानं इंजिनाला हात लावला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. मी नुकताच निमोण्यापर्यंत एक चक्कर मारून आलो होतो.