उन्हात वाळत घातलेली बॅटरी

उंद्रीच्या बाजारओळीत शाहीनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. 'पोरीला काय जमतंय' म्हणणारे निम्मे लोक आता तिच्याचकडे फोन घेऊन येतात. ती कुणाला टोमणा मारत नाही. कानात नेकबँडची गाणी आणि हातात सोल्डरिंग, तिचं आपलं झकास चाललंय.

परवा केसरबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या. कानाचं मशीन त्यांनी पुढ्यात ठेवलं. आतली चपटी बॅटरी टम्म फुगली होती.

"आजी, हे कसं झालं?" शाहीननं हातवारे करत ओरडून विचारलं.

"चार्जिंग टिकत नव्हती. काढून दोन दिवस टिनावर उन्हात ठेवली. तुह्या अब्बानंच सांगतलं होतं, शेल कमजोर झाले का उन्हात ठेवाचे!"

शाहीन खजील झाली. तिचे अब्बा, रहेमतुल्ला, पाय थकेपर्यंत याच दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. टॉर्च-रेडिओच्या शेलांसाठी त्यांचा सल्ला खोटा नव्हता. ऊन खाऊन ते चार दिवस जास्त चालायचे. मशीनमधल्या असल्या लिथियम बॅटरीला मात्र ऊन सोसत नाही. आत वायू धरतो, ती फुगते, आणि टोचली तर पेट घेते. शाहीननं ती हलक्या हातानं काढून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवली.

"उद्या बाजार आहे व," केसरबाईंचा आवाज पडला. "मागच्या बाजारात बाईनं पावभर वांगे मांगतले, म्यां किलोभर तोलले. पोरगा म्हणते, आता घरीच बस. मले नाही बसाचं घरी!"

चिखलीहून नवी बॅटरी यायला चार दिवस लागणार होते. शाहीननं गळ्यातला नेकबँड काढून उघडला. आत तसलीच, त्याच व्होल्टची बॅटरी होती, जास्त चार्ज होऊ न देणाऱ्या चिमुकल्या पट्टीसकट. जीव थोडा हळहळला, खोटं कशाला सांगायचं. पण मीटर लावून तिनं ती मशीनला जोडली.

संध्याकाळी अब्बांना हे कळलं, तसे ते काठी घेऊन घरोघर निघाले. "मी सांगतलं ते जुन्या शेलाचं होतं बाप्पा! नव्या बॅटऱ्या उन्हात ठेवू नोका!"

दुसऱ्या दिवशी शाहीन मुद्दाम बाजारातून गेली. केसरबाईंपुढं उभं एक गिऱ्हाईक सोबत्याच्या कानात पुटपुटलं, "बुढीले ऐकू येत नाही. दोन जुड्या जास्तीच्या उचल."

"येते बे मले ऐकू!" केसरबाई कडाडल्या. "ठेव त्या खाली!"

अख्खी ओळ हसली, आणि त्या सोबत्यानं मुकाट जुड्या ठेवल्या.